जोत्याखालचे पाणी

जालना जिल्ह्यात कयाक घेऊन मासे धरायला जायचे, असे कुणी म्हटले तर ऐकणारा आधी हसेल आणि मग टँकरची आठवण करून देईल. त्याच्या हसण्यात चूक काही नाही. 1972 चा दुष्काळ या भागाच्या बोलण्यातून अजून गेलेला नाही आणि 2012-13 साली जालना शहराचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत कोरड्या नळांपायीच छापून येत होते. तरीही हिशेब मांडून पाहावा. आठ तालुक्यांच्या या जिल्ह्यात कल्याण, कल्याण गिरजा, अप्पर दुधना, जुई, धामणा, जीवरेखा आणि गल्हाटी असे सात मध्यम प्रकल्प आहेत. लघुप्रकल्प पन्नासावर आहेत. दक्षिणेच्या सीमेवर गोदावरी आहे आणि तिच्यावर जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी हे उच्च पातळी बंधारे आहेत. परतूर-मंठा तालुक्यांत निम्न दुधनेचा फुगवटा पसरलेला आहे. अंबडच्या टेकडीवर तर मत्स्योदरी देवीच बसली आहे. तेव्हा पाणी आहे. त्यातले गळ टाकण्याजोगे कोणते, एवढाच प्रश्न उरतो. ऑक्टोबरात सांडव्यावरून वाहणारा तलाव बघून त्याचे उत्तर मिळत नाही. ते मे महिन्यात मिळते, आणि मे महिनाही वाईट वर्षातला हवा.

पाटबंधारे खात्याचा पाणीसाठ्याचा तक्ता मराठवाड्यात पंचांगासारखा वाचला जातो. प्रकल्पाचे नाव, एकूण क्षमता, उपयुक्त साठा, टक्केवारी असे रकाने असतात आणि उन्हाळा लागला की एकेका नावापुढे ‘जोत्याखाली’ असा शेरा पडू लागतो. ज्या विमोचकातून कालव्याला पाणी सुटते त्याचा उंबरठा म्हणजे जोते. पाणी त्याच्या खाली उतरले की कालवा बंद होतो, तक्त्यात शून्य टक्के लागते आणि शेतकऱ्याच्या लेखी धरण संपते. माशाच्या लेखी ते तिथूनच सुरू होते. जोत्याखाली उरणाऱ्या पाण्याला खाते मृतसाठा म्हणते. ज्या तलावाला हा साठा जवळजवळ नाहीच, तिथे एप्रिल-मेपर्यंत उरलासुरला मासा जाळ्यात ओढून बाजारात जातो आणि पुढच्या पावसाळ्यात सगळे पुन्हा बोटुकलीपासून सुरू होते. तीन-चार उन्हाळे काढलेला कटला किंवा वजनदार मरळ हवी असेल तर तिला ते उन्हाळे काढायला जागा लागते. ती जागा खोल असावी लागते, कारण उथळ पाणी मे महिन्याच्या दुपारी तापते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू टिकत नाही. निम्न दुधनेची एकूण क्षमता 344.80 दशलक्ष घनमीटर (दलघमी) आणि तीत मृतसाठा 102.60, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा. शेजारच्या पैठणच्या नाथसागराच्या 2,909 दलघमीत मृतसाठा 738. शून्य टक्क्यावर आलेल्या नाथसागरात तुडुंब निम्न दुधनेच्या दुपटीहून जास्त पाणी असते, ही गोष्ट टक्केवारीच्या मथळ्यांमुळे कुणाच्या ध्यानात येत नाही.

संख्येला भुलू नये. केंद्राच्या जलशक्ती मंत्रालयाने 2023 मध्ये देशातल्या जलसाठ्यांची पहिली गणना प्रसिद्ध केली. देशात 24 लाखांवर जलसाठे निघाले, महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे 97 हजार आले आणि त्यांत जलसंधारणाच्या कामांचाच भरणा होता. पाझर तलाव हा तर पाणी धरून ठेवण्यासाठी नसतोच. 1972 नंतर रोजगार हमीच्या कामावर हजारो हातांनी जे तलाव खणले ते पाणी जमिनीत मुरून खालच्या विहिरींना लागावे म्हणून. फेब्रुवारीत पाझर तलाव आटला तर तो फसला असे कुणी म्हणत नाही, उलट नेमून दिलेले काम त्याने चोख केले असे म्हणावे लागते. गळवाल्याने मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये. कोल्हापुरी बंधाऱ्याचेही तेच. दारे बसली तर दिवाळीनंतरचे काही आठवडे पाणी, दारे चोरीला गेली तर तेही नाही. भोकरदन-जाफराबादकडचे कित्येक छोटे तलाव नोव्हेंबरात बघणाऱ्याला काठावरची लव्हाळी, पाणकोंबड्या आणि निवांतपणा पाहून तिथेच तंबू ठोकावासा वाटतो. त्याने आधी काठावरच्या बाभळींची बुडे पाहावीत. पाण्याच्या रेषेच्या बऱ्याच खाली, पात्राच्या मध्याकडे, हातभर जाड बाभळी उभ्या असतील तर तो तळ वर्षातले बरेच महिने उघडा पडतो हे नक्की. बाभूळ चार दिवसांचे पाणी सोसते, बारमाही सोसत नाही.

कागदावरून हे आधीच ताडण्याची सोय आता झाली आहे. युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राने 2016 मध्ये 1984 पासूनची लँडसॅटची उपग्रहचित्रे चाळून जगाच्या पृष्ठजलाचा नकाशा काढला. जमिनीच्या तीस-तीस मीटरच्या तुकड्यावर पाणी किती वेळा दिसले आणि बारमाही होते की हंगामी, हे त्यात रंगांनी दाखवलेले आहे. सेंटिनेल उपग्रहांची चित्रे त्याहून बारीक असतात, 2015 पासून मिळतात आणि फुकट मिळतात. अशा चित्रांत 2016 आणि 2019 हे दोन दुष्काळी मे महिने शोधावेत. त्या दोन्हींत जो ठिपका निळा राहिला तो खरा तलाव. जालना जिल्ह्यावर ही चाळणी लावली की पन्नासावर लघुप्रकल्पांची यादी झरझर आखडते आणि उरते ते बहुतांशी तीन ठिकाणी: मोठ्या धरणाच्या भिंतीलगतच्या खोलगटात, नदीच्या जुन्या डोहांत आणि जिथे माणसांनी मुद्दाम गाळ उपसला आहे तिथे.

यावर पहिला आक्षेप जाणकाराचा असेल आणि तो रास्त आहे. मृतसाठा ठेवलेला असतो तोच मुळी गाळासाठी. धरण बांधताना त्याच्या आयुष्यात किती गाळ येईल याचा अंदाज करून जोत्याची उंची ठरवतात. म्हणजे बदनापूर तालुक्यात सोमठाण्याला दुधना अडवून कित्येक दशकांपूर्वी बांधलेल्या अप्पर दुधनेच्या कागदावरचा मृतसाठा आज पाणी असेल असे नाही, त्यातला बराचसा चिखल असू शकतो. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे मेरी, जलाशयांतल्या गाळाची पाहणी करते ती याचसाठी. आक्षेप मान्य करूनही कसोटी मोडत नाही, फक्त दुहेरी होते. तक्त्यातला आकडा आणि दुष्काळी मे महिन्याचे उपग्रहचित्र एकमेकांवर ताडून पाहायचे. आकडा मोठा आणि चित्रात निळे काही नाही, तर तिथे गाळ आहे. या हिशेबात नवे धरण जुन्यापेक्षा उजवे ठरते. निम्न दुधना या यादीत वर येते ते नुसत्या आकारामुळे नाही, वयामुळेही. जुन्यांपैकी घाणेवाडीचा तलाव अपवाद म्हणून बघण्यासारखा आहे. जालना शहराच्या उत्तरेला कुंडलिकेवर, निजामी राजवटीत, बेझनजी फरिदुनजी जालनावाला या पारशी धनिकाच्या पुढाकाराने तो झाला. शहराला त्याचे पाणी पंपाविना, निव्वळ उताराने मिळे. पुढे तो गाळाने भरला, दुष्काळात उघडा पडला आणि घाणेवाडी जलसंरक्षण मंचाच्या नागरिकांनी वर्गणी काढून तो उपसायला घेतला. उताराने चालणाऱ्या योजनेत जोत्याच्या वरचा गाळ काढला तर नळाला पाणी वाढते. जोत्याखालचा काढला तर नळाला थेंबही जास्त येत नाही, वाढतो तो माशाचा संसार आणि आजूबाजूच्या विहिरींचा झरा. लोकवर्गणीचा एवढा अनपेक्षित लाभार्थी दुसरा नसेल. पण तो शहराच्या पिण्याच्या पाण्याचा तलाव आहे आणि तिथे नौकाविहाराचे नाव काढणेही मला पटत नाही. मोती तलाव तर शहराच्या कुशीतच आहे. मलिक अंबराच्या काळातला सुभेदार जमशेदखान याच्या नावावर गॅझेटियर तो टाकते. त्याच्याकडे इतिहास म्हणून पाहावे, गळ घेऊन जाऊ नये.

मोठ्या धरणात पाणी कुठे खोल आहे हे कसे ओळखायचे, हा पुढचा प्रश्न. त्याचे सर्वांत चांगले उत्तर याच जिल्ह्यात सव्वादोनशे वर्षांपूर्वी दिले गेले आहे, अर्थात मासे धरण्यासाठी नव्हे. 23 सप्टेंबर 1803. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची फौज भोकरदनपासून असईपर्यंत केळना नदीच्या उत्तर तीरावर पसरलेली. दक्षिणेकडून इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली येतो आहे. फौज अपेक्षेपेक्षा फार जवळ आहे आणि समोरून नदी ओलांडली तर तोफांच्या तोंडी जावे लागेल, हे त्याला कळते. केळना आणि जुई या दोन नद्या असईच्या पूर्वेला एकमेकींना मिळतात. त्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत खालच्या अंगाने शिरता आले तर शत्रूची बगल सापडते. पण त्यासाठी खाली कुठेतरी उतार, म्हणजे नदी ओलांडण्याजोगी उथळ जागा हवी, आणि बरोबरचे वाटाडे ठाम सांगत होते की खाली उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे होती. इंग्रजी कागदपत्रांत त्यांची नावे पीपलगाव आणि वारूर अशी येतात. दोन गावे पिढ्यानपिढ्या एकमेकांसमोर नांदतात आणि त्यांच्यामध्ये जाण्यायेण्याची वाट नाही, हे शक्य नाही, असे त्याने ठरवले. माणूस पाठवून खात्री केली, उतार निघाला, फौज पार झाली. पुढचे सगळ्यांना माहीत आहे. स्वतःची दीड हजारांवर माणसे ठार-जखमी करून घेऊन तो जिंकला आणि पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाल्यावरही आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून असईचेच नाव सांगत राहिला.

इंग्रज इतिहासकार ही गोष्ट त्या माणसाच्या प्रतिभेचा दाखला म्हणून सांगतात. मला त्यात गावांचा शहाणपणा जास्त दिसतो. नदीचा तळ कुठे खडकाळ आणि पसरट आहे हे त्या दोन गावांनी वसताना केव्हाच शोधून ठेवले होते, बैलगाड्यांनी ते पक्के केले होते. वेलस्लीने फक्त वाचले. वाटाड्यांना मूर्ख किंवा लबाड ठरवण्याचेही कारण नाही. परक्या फौजेला आपल्या गावातून वाट काढून देण्यात त्यांचा काय फायदा होता? आजही तलावावर नवख्याने ‘इथे मासे लागतात का’ असे विचारले तर ‘कुठले हो, काही नाही राहिले आता’ हेच उत्तर यायचे, आणि उत्तर देणाऱ्याच्या मागे ओली जाळी वाळत पडलेली असायची. म्हणून तोंडी माहितीच्या जोडीला जमीन वाचावी. गळवाल्याला तर वेलस्लीचा तर्क उलटा करून वापरायचा आहे. समोरासमोर गावे, दोन्हीकडून नदीत उतरणाऱ्या गाडीवाटा, म्हणजे उतार, म्हणजे उथळ. दोन उतारांच्या मधला जो पल्ला दोन्ही काठांच्या गावांनी टाळला आहे, जिथे नदी वळण घेते आणि एक काठ दरडीसारखा तुटलेला असतो, तिथे डोह. मरळ, शिवडा, शिंगाळा उन्हाळा काढतात ते अशा ठिकाणी.

यावर कुणी म्हणेल की 1803 ची केळना आज उरली कुठे? खरे आहे. उपसा, बंधारे आणि वाळूचे ट्रॅक्टर यांनी तिची रया गेली आहे. जुईवर वर दानापूरला धरण झाले आहे. पण नदीच्या पात्राची ठेवण धरणाने बदलत नाही, झाकली जाते. आणि झाकण्यापूर्वीचा कागद उपलब्ध आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाची जुनी स्थलदर्शक पत्रे धरणांच्या आधीची आहेत: जालना शहराचा भाग 47 एम मध्ये येतो, असई-भोकरदन 46 पी मध्ये आणि निम्न दुधनेचा परिसर 56 ए मध्ये. नवी पत्रे 2017 पासून विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात, पण इथे जुनेच उपयोगाचे, कारण नव्यावर जलाशयाचा सपाट निळा रंग असतो आणि जुन्यावर त्याच्या पोटात काय आहे ते असते. दुधनेचे वळणदार मूळ पात्र, तिला मिळणारे ओढे, विहिरी, गावठाणे, आमराया, एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारी गाडीवाट, सगळे त्यावर काढलेले असते. फुगवट्याच्या विस्तीर्ण, बहुतांशी उथळ पाण्यात मासा सगळीकडे सारखा नसतो. तो जुन्या पात्राच्या कडेने, ओढ्याच्या तोंडाशी, बुडालेल्या विहिरीच्या काठाशी असतो. काठावरून टाकलेला गळ तिथवर पोचत नाही. दहा-वीस हजारांचे सोनार यंत्र घेतले तर उत्तमच, पण हातहातभर अंतरावर गाठी मारलेली दोरी आणि तिच्या टोकाला दगड एवढ्यावरही जुन्या पात्राची कड सापडते. चार वाव जाणारी दोरी एका वल्ह्याच्या अंतरात सात वाव जाऊ लागली की समजावे, आपण दुधनेच्या मूळ काठावर आलो.

इथे कयाकचे खरे काम आहे. जालन्याच्या जलाशयांचे काठ काळ्या मातीचे. पाणी ओसरू लागले की उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते, हरभरा-ज्वारी पेरली जाते. आणि पीक व पाणी यांच्या मधला पट्टा असा असतो की वरून भेगाळलेला, आतून लोणी. त्यात गुडघाभर पाय गेला की चप्पल तिथेच राहते. जड नाव या पट्ट्यातून पाण्यात ढकलता येत नाही. तीन मीटर लांब, पाऊण मीटर रुंद, तीसेक किलो वजनाची आणि वीतभर पाण्यात तरंगणारी कयाक दोघे उचलून नेऊ शकतात. त्यातही शहाणपणाची जागा म्हणजे जुना रस्ता. धरणात बुडालेल्या गावाला जाणारी डांबरी किंवा मुरमाची वाट सरळ पाण्यात उतरते. पायाखाली टणक, उतार बेताचा. फुगवट्याच्या काठावर अशा वाटा शोधायला लागत नाहीत. बैल धुणारे, कपडे धुणाऱ्या बाया आणि मच्छीमारांची वाहने तिथेच भेटतात.

मराठवाड्याला कयाक परकी आहे असे समजण्याचे कारण नाही. फक्त इथली कयाक थर्माकोलची आहे. पोत्यात किंवा जुन्या जाळ्यात थर्माकोलचे ठोकळे कोंबून, वर फळी बांधून केलेल्या चप्पूवर बसून आणि हाताएवढ्या फळकुटाने वल्हवत भोई माणूस पहाटे तंगूसाची जाळी उचलतो. गुण तेच: हलकी, उथळ पाण्यात चालणारी, एका माणसाची. गंगापूर तालुक्यातल्या भिवधानोऱ्याची मुले असल्या थर्माकोलवरून नाथसागराचा फुगवटा ओलांडून शाळेला जातात ही बातमी 2023 मध्ये आली तेव्हा उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. एकाचा छंद आणि दुसऱ्याचा जीवघेणा रोजचा प्रवास एकाच बनावटीच्या वाहनावरून होतो, हे कयाकवाल्याने विसरू नये. निदान जीवरक्षक जॅकेटाची लाज तरी वाटू देऊ नये.

आता मासा कुणाचा, हा प्रश्न. कर्नल विल्यम साईक्स या मुंबई सरकारच्या सांख्यिकी अधिकाऱ्याने 1824 ते 1831 च्या दरम्यान दख्खन पालथी घातली आणि पुढे लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीसाठी इथल्या माशांवर निबंध लिहिला. त्यात खुद्री, कोळस, घोगरा, शिंगाळा ही कोळ्या-भोयांच्या तोंडची नावे त्याने जवळजवळ जशीच्या तशी शास्त्रीय नावांत घातली. ते मासे नदीचे होते, कुणी सोडलेले नव्हते. आजच्या तलावातला कटला-रोहू-मृगळ तसा नाही. हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. 10 जुलै 1957 रोजी हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात संप्रेरकाची सुई टोचून त्यांचे प्रजनन घडवले आणि मगच देशभरच्या तलावांत बीज सोडणे परवडू लागले. म्हणजे जलाशयातल्या प्रत्येक कटल्यामागे कुणाचा तरी पैसा आहे, आणि तो बहुधा तलाव ठेक्याने घेतलेल्या मच्छीमार सहकारी संस्थेचा असतो. ‘पाणी सरकारचे, मासा देवाचा’ हा शहरी गळवाल्यांचा आवडता युक्तिवाद इथे लंगडा पडतो. संस्थेला विचारून, ठरेल ती रक्कम देऊन जाणे हा उपचार नाही, तिच्या मालकीची कबुली आहे. मासा पकडून परत सोडतो, मग पैसे कशाचे, असेही विचारले जाते. गळ लागून दमलेला मासा मे महिन्याच्या कोमट पाण्यात परत सोडला तरी जगेलच असे नाही, आणि मेला तर नुकसान संस्थेचे. थंडीत हा युक्तिवाद थोडा चालू शकेल.

पवईचे उदाहरण नेहमी पुढे केले जाते. तिथे 1955 पासून महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे, सभासद आहेत, नियम आहेत. मग जालन्यात का नाही? उत्तर पवईच्या इतिहासात आहे. 1891 मध्ये मुंबईच्या पाण्यासाठी बांधलेला तो तलाव लवकरच पिण्याच्या लायकीचा उरला नाही, आणि ज्या पाण्यावर कुणाचा हक्क उरला नव्हता त्यावर गळवाल्यांची सोय झाली. जालन्यात असे बेवारस पाणी एक घागरभरही नाही. प्रत्येक थेंबावर कालवा, पाणीपुरवठा योजना, गाळपेर, ठेका अशा चार-चार नोंदी आहेत. तेव्हा पवईचा साचा इथे उचलून आणण्यापेक्षा, संस्थांनीच दिवसाचे तिकीट काढावे आणि आपला एक माणूस वाटाड्या म्हणून द्यावा, हे जास्त व्यवहार्य दिसते. तो जाळी कुठे लावली आहेत हे सांगेल, आणि तेवढ्यासाठीच तो हवा. तंगूसाची जाळी पाण्यावर दिसत नाहीत, दिसतात त्या फक्त रिकाम्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे. त्यांच्यामधून वल्हे घालणारा संस्थेचे जाळे फाडतो आणि स्वतःही त्यात अडकतो.

दुसरा आक्षेप असा, की शेजारी नाथसागर असताना दुधनेचे एवढे कौतुक कशाला? नाथसागर जालन्याचा नाही, पैठणचा. पण ते सोडा. तो 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा तिथे नाव घालणे हा वनखात्याच्या परवानगीचा विषय. शिवाय त्याच्या पाण्यावर आधीच भांडणे आहेत: तरंगत्या सौर प्रकल्पाविरुद्ध कहार समाजाच्या समितीने हरित न्यायाधिकरणापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली आणि 2025 मध्ये तिथेही याचिका फेटाळली गेली. या सगळ्याहून साधे कारण वाऱ्याचे आहे. पन्नास किलोमीटरांहून लांब उघड्या पाण्यावर वारा सुटला की लाटा समुद्रासारख्या उठतात आणि कयाकची उंची कंबरेइतकीही नसते. दुधनेच्या फुगवट्याला फाटे आहेत, आडोसे आहेत. गोदावरीवरचे बंधारे तर त्याहून बरे. राजाटाकळी किंवा मंगरुळाच्या बंधाऱ्याची दारे पावसाळा सरताना टाकली की मागे नदीच्या पात्रातच लांबच लांब, चिंचोळे, दोन्ही काठांनी झाकलेले पाणी उभे राहते. वारा वरून निघून जातो. त्यांचा दोष एकच आणि तो गंभीर आहे. वाळू उपशाने पात्रात मारलेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. मांडीभर पाण्यात उतरलेला माणूस पुढच्या पावलाला बुडतो. तिथे कयाकमधून उतरून ओढत नेण्याचा मोह टाळावा.

शेततळ्यांचे काय, असेही कुणी विचारील. कडवंचीसारख्या गावात विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती सहाय्य मंडळाने इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोट उभा केला आणि पुढे शेकडो शेततळ्यांवर द्राक्षबागा पिकल्या. जिल्ह्याच्या शेतीतली ही मोठी गोष्ट आहे. मासे त्यांतही सोडतात. पण तीस मीटर लांब-रुंद तळ्यात कयाक म्हणजे हौदात नाव, आणि प्लास्टिकचे अस्तर इतके निसरडे की आत पडलेल्याला काठावर चढता येत नाही. दर उन्हाळ्यात शेततळ्यात बुडालेल्या मुलांच्या बातम्या येतात. तिथे गाठी मारलेली दोरी आणि हवा भरलेली ट्यूब काठाला कायम बांधलेली असावी, याखेरीज गळवाल्याने सांगण्यासारखे काही नाही.

राहतो शेवटचा आणि सर्वांत बोचरा आक्षेप: तहानलेल्या जिल्ह्यात हा चैनीचा विचार कशाला? कयाक पाणी पीत नाही, हे उत्तर खरे असले तरी पुरेसे नाही. वाईट वर्षी मृतसाठाही मृत राहत नाही. 2013 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये नाथसागराच्या जोत्याखालचे पाणी शहरांसाठी उपसावे लागले. लहान तलावांत तर चर खोदून उरलेले पाणी पंपापर्यंत आणतात. त्या महिन्यांत गळवाल्याने घरी बसावे हे उघड आहे. पुढच्या हंगामाची निवडही कोणत्या तलावाचा तळ उघडा पडला यावरच ठरते. तळ दिसलेल्या तलावात पहिल्या पावसानंतर संस्था बीज सोडते, वर्षभरात कटला किलोभर होतो, दोन हिवाळ्यांनी हाताला जाणवेल इतका. तेव्हा दुष्काळानंतरची पहिली दोन वर्षे असा तलाव यादीतून काढून टाकावा आणि ज्याचे पाणी टिकले तिकडेच जावे. तिलापिया त्याआधीच परत येतो, त्याला कुणी बोलवावे लागत नाही. मरळीला वेळ लागतो. तिची जोडी पिलांच्या लालसर घोळक्याभोवती राखण करत असते तेव्हा तिच्यापुढे गळ टाकू नये, कारण मोठी मरळ उचलली की घोळका तासाभरात इतर मासे संपवतात. आणि शिवडा, शिंगाळा यांचे बीज कुणी सोडत नाही. वरच्या अंगाला नदीत एखादा डोह शिल्लक राहिला असेल तर पहिल्या पुराबरोबर ते खाली उतरतात. डोह वाळूसाठी उपसला गेला असेल तर त्या धरणात यापुढे फक्त कटला आणि रोहू.